चाक थांबेपर्यंत

देवळीच्या बसस्टँडजवळ सायकली दुरुस्त करणारा एक म्हातारा बसायचा. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, चाक बसवलं की तो ते हवेत फिरवायचा आणि पूर्ण थांबेपर्यंत बघत राहायचा.

मी विज्ञानाचा मास्तर. चंद्र पृथ्वीला कायम एकच बाजू दाखवतो, मग पृथ्वी सूर्याला का नाही, असं एके दिवशी वर्गात एका मुलीनं विचारलं. मला येत नव्हतं, म्हणून मी तिला दटावून खाली बसवलं होतं.

संध्याकाळी म्हाताऱ्यानं माझी सायकल उलटी करून दोन्ही चाकं फिरवली. पुढचं डुलत थांबलं. व्हॉल्व्ह खाली. त्यानं पुन्हा फिरवलं; पुन्हा व्हॉल्व्ह खालीच.

"जड बाजू खाली ओढल्या जाते, सर. घासत घासत चाक तिथंच थांबते."

"मागचं तर अजून फिरतंय."

"त्याले बी ओढ हाये. पन घासणं कमी, त्याले येळ लागन."

मला त्या मुलीचा प्रश्न आठवला. पृथ्वीच्या ओढीनं चंद्राला किंचित फुगवटा येतो; तीच त्याची जड बाजू, आणि जवळच्या पृथ्वीनं ती घासत घासत केव्हाच आपल्याकडे ओढून धरली. सूर्य लांब, पृथ्वीच्या फुगवट्यावर त्याची ओढ तोकडी; म्हणून आपण अजून फिरतोय.

म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी सायकल वर्गात नेली. आधी त्या मुलीला म्हणालो, "काल मला उत्तर येत नव्हतं." मग चाक फिरवलं, आणि ते थांबेपर्यंत त्या म्हाताऱ्यासारखाच बघत राहिलो.