गोठ्यातला कप

"न्यूनगंडच आहे तो, सर. हिच्या आईचंच बघा ना." सुलभानं माझ्याकडं बोट केलं आणि अख्खा वर्ग मागं वळला.

परभणीचं कॉलेज, बी.ए.चं शेवटचं वर्ष. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. सर कथेतली पात्रं मानसशास्त्रातून समजून घ्यायला शिकवत होते. त्या दिवशीच्या कथेत एक मोलकरीण होती. मालकिणीच्या गोठ्यातल्या कोनाड्यात तिचा कान तुटलेला कप. ती तो काढायची, धुवायची, मग त्यात चहा घ्यायची. कुणी बघत नसलं तरी धुवायची. का धुते, असं सरांनी विचारलं होतं.

सुलभा आमच्याच झरी गावच्या बड्या शेतकऱ्याची लेक. माझी माय त्यांच्याच गोठ्यात शेणघाण करायची. मायचाही तिथं तसाच कप. सुलभा पुढं म्हणाली, "आमच्याकडं कुणी बळजबरी करत नाही. तरी ही बाई आधी कप विसळते. पिढ्यान्‌पिढ्यांचं नेणिवेत बसलंय."

सर म्हणाले, "वा. अचूक."

त्या 'वा'नं मी जळले. खरं सांगते, अपमान नंतर कळला, आधी जळले. ग्रंथालयातलं मानसशास्त्राचं एकुलतं एक पुस्तक महिनाभर तिच्याच घरी होतं. नेणीव, गंड, दमन, सगळे शब्द तिच्या जिभेवर. मला ते शब्द हवे होते. ती 'वा' हवी होती. इतकी, की त्या क्षणी मला मायचीच लाज वाटली. वाटलं, असेलही तिला न्यूनगंड. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

एस.टी.नं घरी आले. माय चुलीपुढं भाकरी थापत होती. विचारलं, "माय, कुणी बघत नसलं तरी तू कप का धुतीस?"

मला येड लागलंय अशा नजरेनं तिनं पाहिलं. "गोठ्यातला कप हाय गं त्यो. कुत्रं चाटतंय, कोंबडी बसतीय. न धुता पिऊ का?" भाकरी उलटत म्हणाली, "मालकाच्या लोकायला घाण चालत असंल. मला न्हाई चालत."

एवढंच होतं. वर्गानं तासभर मायचं मन उकरलं, कोनाडा कुणीच बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिले. मायचं उत्तर तसंच्या तसं सांगितलं. कुणीतरी फिसकन हसलं. सर समजुतीनं म्हणाले, "फार मनाला लावून घेतेस. हाही न्यूनगंडच."

गप्प बसलं तरी गंड. बोललं तरी गंड.

मी म्हणाले, "मग कप गोठ्यात ठेवणाऱ्या मालकिणीला काय झालंय, ते सांगा सर."

"तिच्याबद्दल कथेत काही नाही."

"चार ओळी आहेत."

सुलभानं पुस्तक उघडून त्या ओळी मोजल्या.

सत्राचा निबंध सगळ्यांनी मोलकरणीवर लिहिला. मी मालकिणीच्या चार ओळींवर अकरा पानं लिहिली. फडताळात कपांची रांग असताना एक कप शेणाजवळ ठेवायला हात कसा धजतो? तो ठेवल्यावर जेवण गोड कसं लागतं? नेणीव तिलाही असेलच की. सरांनी वही परत दिली. लाल शाईत एकच शेरा होता: "विषय सोडून." वर म्हणाले, "दिवस बरे नाहीत. असलं लिहू नकोस."

आठवड्याच्या आत सुलभाच्या घरचं मायचं काम सुटलं. माझ्यामुळं सुटलं. मी मान खाली घालून बसले, तर माय म्हणाली, "बरं झालं. कप धुवायचं वाचलं."

सुलभाचा हेवा मला आजही वाटतो, आणि तो मी मरू देणार नाही. दुसऱ्याच्या आईचं मन भर वर्गात उघडायचा हक्क तिला जन्मानं मिळाला. मला तो लिहून मिळवायचा आहे. यापुढं कुठलीही कथा हातात आली, की आधी मालकीण शोधणार. कप कुणी धुतला ते नंतर. तो गोठ्यात कुणी ठेवला, ते आधी विचारणार. सरांनी लाल शाईच्या बाटल्या रिकाम्या केल्या तरी हा विषय मी सोडणार नाही.