चाचा तीनदा विचारतात

नांदेडच्या आमच्या ऑफिसात ॲपच्या डिझाइनची एकच मोठी फाइल आहे आणि आम्ही अकराजण एकाच वेळी तिच्यात काम करतो. ती नीट ठेवायचं काम आमच्यातल्या वयानं मोठ्या चाचांचं. दर शनिवारी ते एक प्लगइन चालवतात. ते रिकामे आणि लपवलेले लेयर, म्हणजे डिझाइनचे थर, एका झटक्यात पुसून टाकतं. त्याआधी चाचा सगळ्यांना कीबोर्डवरचे हात उचलायला लावतात आणि बरोबर तीनदा विचारतात, "कुणाचं काही लपवलेलं हाय का?"

त्या शनिवारी माझं होतं. देगलूरच्या गिऱ्हाइकाचे चाळीस तेलुगू स्क्रीन मी नावं न देता लपवून ठेवले होते. सोमवारी ते दाखवायचे होते. पुसल्यावर जुनी प्रत मागं आणली, तर बाकीच्यांचं त्यानंतरचं काम गेलं असतं. पण आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. सगळ्यांसमोर गबाळेपणा कसा कबूल करू?

चाचांनी दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांचं बोट माउसवर टेकलं.

"चाचा, थांबा. माझे हायत."

"माहीत हाय बेटा. बुधवारपासून बघून राहिलो."

"मग मी बोललोच नसतो तर?"

"दाबलं असतं."

एवढं बोलून त्यांनी माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि एकेक स्क्रीन पुन्हा दिसता करून त्याला नाव द्यायला मायेनं मदत केली. चाळीस नावं पूर्ण झाल्यावरच त्यांनी प्लगइन चालवलं.