महाराजांचं वाढलेलं मीठ

“मीठ वाढलं, काकू.”

“वाढलं? मग बरंच की! वाटीभर द्या.”

महाराजानं डाव्या हातानं मिठाचा डबा मागं सारला. स्वयंपाकघरात ‘संपलं’ म्हणू नये, ‘वाढलं’ म्हणावं, हे काकूंना ठाऊक नसेल होय? चार सुना नांदवलेली बाई ती. आणि महाराजांच्या उजव्या मुठीत डाळीत टाकायला घेतलेलं मीठ तसंच होतं.

महाराज म्हणजे सहलीबरोबरचा आचारी. मंडळी बसनं गाव बघायला जायची, हा हॉटेलच्या मागच्या अंगाला मागून घेतलेल्या दोन शेगड्यांवर रांधायचा. इतके देश हिंडला, पण बघितल्या त्या मोऱ्याच. रात्री पंगतीत कुणी म्हणालं, “महाराज, घरच्यासारखं झालंय हो!” की गडी ताठ.

या खेपेला सहलीतल्या या काकूंनी पिशवीतनं लोणच्याची बरणी काढली, आणि ‘घरच्यासारखं’ मागं पडलं. घरचंच आलं ना पानात! बरणी या हातातनं त्या हातात, भाजी ताटाच्या कडेला. तिखट कमी करा म्हणून मंडळींनीच सांगितलेलं. यानं सपक रांधलं, आणि सपक घासाला लोणचं गोड लागलं. महाराज वाढता वाढता जळायचा. “खारानं जीभ बधिर होते हो,” असं एकदा बोलूनही बघितलं. कुणी मान वर केली नाही.

काल बरणीचा तळ खरवडला, तेव्हा कुठं त्याच्या जिवाला थंडावा मिळाला. आज मंडळी बाजारातनं अत्तरं, घड्याळं, चॉकलेटं घेऊन आली. काकू आल्या पदरात लिंबं घेऊन.

“मूठ उघडा की, महाराज,” काकू म्हणाल्या. दारात दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या.

महाराजानं मूठ डाळीत झाडली आणि मिठाचा डबा आदळला. “घ्या!”

“लोणचं मुरायला आता कुठला वेळ? उकडूनच घालते. तुमचा कुकर घेऊ का?” हात पुढं झालाच होता.

“कुकरला हात लावायचा नाही!” महाराज खेकसला. त्याच्या कुकरला आजवर परका हात लागला नव्हता. “आणा ती लिंबं इकडं. मी लावतो.”

“दोन शिट्ट्या बास हं.”

“मला शिकवू नका!”

लिंबं धुऊन त्यानं कुकरात टाकली, झाकण दाबून बसवलं, आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत कणीक मळायला बसला.