फारकतीनंतरची बैलजोडी

शहागडकडच्या त्या बैलचोरीचा विषय निघाला की मला अजून हसू येते. निजामाच्या राज्यात मी तिथे अमीन, म्हणजे ठाण्याचा प्रमुख होतो. रब्बीच्या पेरण्या चालू होत्या. सकाळची हजेरी होते न होते तोच एक तरणा शेतकरी तावातावाने ठाण्यात आला.

"साहेब, माझा बैल चोरीला गेला. चोर बी ठावा हाय. माझी बायको!" मग जरा अडखळून म्हणाला, "म्हंजे, होती."

पंचांनी त्यांची फारकत करून दिली होती. दागिने तिला, घर त्याला, भांडी निम्मी निम्मी आणि जोडीतला एकेक बैल दोघांना. ती शेजारच्या गावी बापाची जमीन कसत होती.

फिर्याद लिहून घेतली. दुपारी सडकेवरच्या एका दुकानदाराने खबर आणली : दोन्ही बैल तिच्याच रानात पेरणीची पाभर ओढताहेत. एक जवान आणि फिर्यादी यांना घेऊन मी निघालो. वाटेत फिर्यादीचे शेत लागले. ते पेरून झाले होते. ते मी मनात टिपून ठेवले.

बाई आम्हाला पाहून पळाली नाही. तिने पाभर थांबवली.

"हा बैल कुणाचा?"

"त्याचा. काल मीच नेल्ता."

"चोरी कबूल?"

"बिलकुल. पर आधी त्याला इचारा, त्याची पेरणी कशानं झाली?"

तोच प्रश्न माझ्याही मनात होता. मी फिर्यादीकडे वळलो. "एका बैलावर पेरलंस?"

तो मान खाली घालून पायाने ढेकळे फोडू लागला. आठवड्यापूर्वी त्यानेही तिचा बैल असाच न विचारता नेला होता. काम झाल्यावर परत आणून बांधला, एवढेच.

"मंग दोघांला बी बेड्या घाला," बाई हसत म्हणाली, "पर माझं एवढं रान होऊ द्या."

"मागितला असतास तर दिला असता," तो पुटपुटला.

"तू मागितल्ता का?"

फिर्याद मागे घेतली गेली. पंचांसमोर ठरले : बैल ज्याचा त्याचा, पण कामाला जोडी एकत्र, ज्याच्या रानात काम, वैरण त्याची. सगळे खुशीत होते. तेव्हा मी हळूच सुचवले, "एवढं जमतंय तर संसारच पुन्हा मांडा की."

"न्हाई!" दोघे एकाच दमात ओरडले. पंच म्हणाले, या दोघांचे एकमत आज पहिल्यांदा ऐकले.

पोलिसाला चोर आणि फिर्यादी वेगळे काढायची सवय असते. त्या दिवशी कळले की जोडपे वेगळे होताना कुणाचे काय, एवढे ठरवून भागत नाही. उद्या दोघांचे पोट कशावर चालणार, हेही बघावे लागते. पुढे असे तंटे आले की मी आधी तेच विचारत असे. मग बैल चोरायची वेळ सहसा कुणावर येत नसे.