मावशीच्या कपाटातला आरसा

सुलोचनामावशी कुणाचीही विचारपूस करण्याआधी त्याची हनुवटी धरायची आणि तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवायची. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त होऊन ती लोणावळ्याजवळ औंढ्याला राहायला आली, पण हात काही निवृत्त झाला नाही.

तशीच तिने माझीही हनुवटी धरली. मुरमं गेली होती, पण गालांवरचे लाल डाग हटत नव्हते. लोणावळ्याच्या एका हॉटेलात मी काउंटरवर होते. मॅनेजर गोडीत म्हणाले, तोंड बरं होईपर्यंत आत बस, महिन्याभराने बघू. ‘बघू’ म्हणजे काय, ते कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. घाबरून लिंबू चोळलं. मग मामेबहिणीने दिलेली गोरं करणारी ट्यूब लावली. पंधरा दिवस तोंड उजळलं. एक दिवस लावायची राहिली आणि नुसती आग आग झाली. 

मावशीने ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाली, ह्यात तर स्टेरॉइड हाय, म्हणून सोडलं की आग होती.  मग तिने चहाचा काचेचा ग्लास धुतला, त्याचं बूड माझ्या गालावर दाबलं आणि आरसा पुढे धरला. काचेखाली लाली दिसत नव्हती. ग्लास काढला, ती परत आली.

“दाबल्यावर जातीय न्हवं? म्हंजे रगत हाय, वण न्हाई. जाईल, पर लय वेळ लागंल.”

“आणि नाही गेली तर?”

“तोंड हाय गं ते, भांडं न्हाई. घासायचं सोड आधी.”

दुसऱ्या दिवशी ती मला वडगावला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. ट्यूब कशी सोडायची ते त्यांनी सांगितलं, उन्हासाठी एक मलम दिलं. घरी आल्यावर मावशीने माझ्या पर्समधला छोटा आरसा काढून कपाटात ठेवला. लाली गेली की न्यायला ये, म्हणाली.  एसटीच्या काचेत मी चोरून गाल बघायचे.

महिना संपला, लाली होतीच. मॅनेजरसमोर जाऊन मी म्हणाले, वेळ लागणार आहे, मी काउंटरवरच बसते. आणि बसले.

मावशी यंदा गेली. तिच्या मुलीने कपाट उघडलं तर खालच्या कप्प्यात आरसेच आरसे, प्रत्येकाला चिकटपट्टीवर नाव. माझाही होता. न्यायचा मी साफ विसरून गेले होते. 

मुलगी म्हणाली, “आई सांगायची, ज्या न्यायला आल्या न्हाईत, त्या बऱ्या झाल्या.”