मांजरीच्या तोंडाची काजळी

सासूने पिल्लाच्या पाठीवर वज्री इतकी घासली की केस गेले आणि खाली लाल कातडं दिसलं. पौषातली सकाळ, न्हाणीत गार पाणी, आणि पिल्लू ओरडायचंही थांबलं होतं. मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलं. पाय ताठ झाले होते त्याचे. सासू हात धूत म्हणाली, काजळी अजून तशीच आहे.

आम्ही तेव्हा धुळ्यात राहत होतो. बाजरीच्या पोत्यांना उंदीर लागले म्हणून नवऱ्याने पांजरापोळातून ते पिल्लू आणलं होतं. काळं मांजर घरात नको, एवढी एकच अट सासूने घातली होती. म्हणून त्याने सगळ्यात पांढरं उचललं. फुटलेल्या बोंडातल्या कापसासारखं होतं. डोळे निळे आणि जरा तिरळे. गावठीच आहे, कोणीतरी दाराशी सोडून गेलं, असं पांजरापोळातल्या माणसाने सांगितलं.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि पिल्लाच्या नाकावर काळसर डाग आला. मग कान, शेपटी, चारही पंजे. चुलीत शिरून निजलं की जेवढं काळं होईल, नेमकं तेवढंच. विझलेल्या चुलीच्या उबदार राखेत मांजर निजतं हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे कोणी दुसरा विचारच केला नाही. सासूने आधी ओल्या फडक्याने पुसलं, मग रिठ्याने धुतलं. मी चुलीच्या तोंडाशी पाट लावून ठेवायला लागले, तरी काळं वाढतच होतं. मी म्हटलं, आत्याबाई, पाट लावलाय, मग काजळी येते कुठून? तर म्हणे, तूच पाट लावते आणि तूच काढते. अशा माणसाशी काय बोलायचं? मग तिने वज्री घेतली आणि शेपटीपासून पाठीपर्यंत घासत गेली.

जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने पाठीला मलम दिलं आणि घरी दुभतं जनावर आहे का ते विचारलं. रंगाबद्दल मी विचारलं तर म्हणाला, बाई, उंदीर धरते ना? मग झालं.

जखम भरली. तिथे नवे केस आले, तेही काळे. घासलं तिथेच काळं उगवलेलं पाहून सासू घाबरली आणि पोतं काढून बसली. मांजर मारणं पाप, म्हणून आमच्याकडे पोत्यात घालून लांब सोडतात, म्हणजे तिला परतीची वाट कळत नाही. सकाळच्या एसटीने नरडाण्याकडे नेऊन सोड, असं तिने मुलाला सांगितलं. आईचा शब्द तो कधी मोडत नसे, त्याने लगेच एसटीची वेळ विचारून ठेवली.

नेमकी त्याच दिवशी माझी धाकटी बहीण भुसावळहून आली होती. तिचा नवरा रेल्वेत, आणि एका साहेबाच्या बंगल्यावर तिने असली मांजर पाहिली होती. तिने पिल्लू मांडीवर उलटं केलं, केसांत फुंकर मारून मुळं पाहिली.

"अक्का, ही सयामी आहे. पांढरी जन्मते. अंगाला गार लागतं तिथे काळी होते. पाठ तुम्हीच उघडी केली."

इतक्या दिवसांत त्या मांजरीकडे नीट पाहणारं हे पहिलं माणूस. सासूला कानाने कमी ऐकू येई. तिने पोतं खाली ठेवलं.

"स्वामीनी शे? मंग आधी काबर नही सांगं?"

आणि स्वामींची मांजर म्हणून तिने तिला हात जोडले. मी तोंड उघडलं, तर बहिणीने माझ्या पायावर पाय दिला.

त्यानंतर दर गुरुवारी मांजरीला दूधभात. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. ज्याला काजळी म्हणून कातडं सोललं त्यालाच सासू आता अंगारा म्हणत होती. माझं डोकं उठायचं. पोत्याची भीती गेल्यावर मी पुष्कळदा समजावलं, सयामी म्हणजे मांजरीची जात. तर म्हणे, चौथी शिकली तू, तुला देवाधर्माचं काय कळतं? स्वतः ती शाळेची पायरी चढली नव्हती. शेवटपर्यंत तिला खरं काही पटलं नाही.

मांजर मात्र जगली. सासूच्या मागेही बरीच वर्षं होती.