भाऊजींच्या बांड्या कोंबड्या

ताईचा फोन दुपारी आला. "त्या गयात, बाई," एवढंच बोलली. मी काहीतरी विचारलं, तेव्हा म्हणाली, "येतांना कण्या लई ये. कोंबड्या उपाशी शेतस." माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा गेला आणि मी सुरतेत उधन्याच्या दुकानातून तांदळाच्या कण्या घेऊन पुढे सचिनला, तिच्या घरी पोचले. दारात माणसं जमली होती. मी मागच्या दाराने गेले आणि आधी कण्या टाकल्या. आता वाटतं, भाऊजींनाही तो क्रम पटला असता.

भाऊजी सचिनच्या एका कापड कारखान्यात ताग्यांचं चेकिंग करायचे. डाग नाही, धागा तुटलेला नाही, तो माल फ्रेश, बाकीचा सेकंड. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या चिंचोळ्या जागेत खुराडं बांधलं आणि धुळ्याकडच्या आमच्या गावाहून बांड्या कोंबड्या आणल्या. बांडी म्हणजे शेपटीच नसलेली, मागून गोल, पिसांचा लाडू. हा वाण त्यांच्या आईने पाळलेला. गावात आता तो जवळपास संपलाच होता. सुरतेत तरी तो टिकावा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

दर रविवारी सकाळी ते रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसत. एकेक पिल्लू उचलायचं, अंगठा पाठीवरून मागे न्यायचा. शेवटी हाडाचं टोक लागलं तर शेपटी येणार. मी गेले असले की मुद्दाम मला विचारत, "मास्तरीनबाई, फ्रेश का सेकंड?" मी म्हणायचे, "तुमन्या कोंबड्या, तुम्हीच ठरावा." शेपटीवाली वाढली की रश्शात जायची. तो रस्सा मी आवडीने खाल्ला आहे, उगाच सोवळेपणा कशाला दाखवू. पण अंगठा थांबला की ते "सेकंड" असं काही थंडपणे म्हणायचे, की त्या क्षणी मला त्यांचा रागच यायचा.

अशी छाटणी करता करता खुराड्यात फक्त बांड्या उरल्या. भाऊजी खुशीत होते. आणि अंडी उबायची बंद झाली. खुडूक कोंबडी अंड्यांवर इमानाने बसून राही. अंडी एक तर गार निघत, नाहीतर आत पिल्लू मेलेलं. भाऊजींनी कोंबडीला दोष दिला, मग उन्हाळ्याला, मग शेजारच्या लग्नातल्या डीजेला... स्वतःच्या अंगठ्याला मात्र नाही.

पिल्लं निघालेल्या शेवटच्या उबवणीतला एक शेपटीवाला कोंबडा तेवढा वाचला होता, तो ताईमुळे. त्याची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "हाऊ नवसना शे. गावले जाऊत तवय देवीले देसूत." नवसाच्या कोंबड्याला घरात सुरी लावत नाहीत. भाऊजींनी हात मागे घेतला. तो कोंबडा लांब काळी शेपटी मिरवत बांड्या कोंबड्यांत हिंडू लागला, आणि पुढच्या उबवणीला पिल्लं निघाली. काही बांडी, काही शेपटीवाली. भाऊजींनी डब्यावर बसून एकेकाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "दोन्हीबी बांडा नही चालतस. एकले तरी शेपटी पाहिजे." चूक झाली असं ते कधी म्हणाले नाहीत. पण तेव्हापासून गावाला जायचं निघालं की भाऊजींना ऐन वेळी काहीतरी काम निघायचं. कधी गुडघा, कधी मीटरवाला येणार. देवीचा कोंबडा सचिनलाच राहिला.

दिवस झाल्यावर भाऊजींचे धाकटे भाऊ गावी परत निघाले. म्हणाले, "वहिनी, तो नवसना कोंबडा द्या, फेडी टाकतस." ताई ताटं पुसत होती. "कोनता नवस? मी कधी नवस बोलेलच नही," ती म्हणाली. "माले त्यानी शेपटी आवडे."

"आणि हे भाऊजींना ठाऊक होतं?" मी नंतर विचारलं.

"त्यास्ले पहिल्या दिनपासून माहीत व्हतं."

मग मात्र मला रडू आलं. इतके दिवस आलं नव्हतं.

गेल्या रविवारी मी पुन्हा गेले. भाऊजी गेल्यापासून निवड झालीच नव्हती, खुराड्यात पाय ठेवायला जागा नाही. ताई मागे त्या पालथ्या डब्यावर बसली होती. हातात नवं पिल्लू, अंगठा त्याच्या पाठीवर. तो मागे सरकला आणि थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"मास्तरीनबाई, फ्रेश का सेकंड?"

इतकी वर्षं मी हे उत्तर टाळत आले होते.

"फ्रेश," मी म्हणाले. तिने पिल्लू खाली सोडलं आणि दुसरं उचललं.